उलथण्याची सुट्टी

घरात कुठलीही वस्तू बंद पडली की मला नूरभाईंची मान आठवते. चेहरा मागाहून येतो. मान डाव्या अंगाला कलायची, डोळे मिटायचे आणि कान समोरच्या वस्तूला जाऊन चिकटायचा. मग ती वस्तू भिंतीवरचं घड्याळ असो, गॅसबत्ती असो, नाहीतर माझा रॉकेलचा स्टो असो. बंद पडलेल्या वस्तूतून ऐकू तरी काय येतं, असं मी एकदा विचारलं होतं.

"मालकानं काय काय केलं, त्ये," नूरभाई म्हणाले.

तेव्हापासून त्यांच्याकडे वस्तू नेताना मला धडधडायचं. आणि वस्तू नेण्याचे प्रसंग माझ्यावर फार यायचे.

मी पुण्याहून मुळशीत मास्तर म्हणून आलो, तेव्हा मॅट्रिकला सायन्स घेतलेलं होतं आणि ते मी कुणाला विसरू देत नव्हतो. पौडच्या अलीकडे, सडक सोडून आत, भातखाचरांच्या मधोमध बसलेलं गाव. धरण आमच्या तालुक्यात, पण त्याच्या पाण्याची वीज घाट उतरून मुंबईला. गावात दिवा रॉकेलचा. तरी चौथीच्या वर्गाला विजेचा धडा मी असा शिकवायचो, की ती मुंबईला जाणारी वीज माझ्याच परवानगीनं जाते आहे.

नूरभाईंचं घर शाळेच्या मागच्या आळीत. पन्नाशीचा, काटकुळा, उंच माणूस. डोक्यावर पांढरी टोपी, नाकावर चष्मा, आणि चष्म्याची एक काडी जाऊन तिथं दोरा. साऱ्या पंचक्रोशीची यंत्रं दुरुस्त करणाऱ्याचा चष्मा असा का, म्हणून लोक टोचायचे. "दोरा बरोबर हाय," ते म्हणायचे. "नवी काडी लावली तर कानाला सवय व्हायला म्हैना जाईल." आठवड्याला एकदा पौडच्या बाजारात पेटी मांडून बसायचे, बाकीचे दिवस ओसरीवर. घोटावड्यापासून, उरवड्यापासून माणसं डोक्यावर स्टो आणि बगलेत बत्त्या घेऊन यायची.

माझी नि त्यांची ओळख विजेरीमुळे झाली. तीन सेलची नवीकोरी विजेरी, आठवड्याच्या आत गप्प. मी ती त्यांच्यापुढे ठेवून सायन्सवाल्याच्या थाटात म्हणालो, "बल्बची तार गेलेली दिसते."

विजेरीकडे न बघता ते म्हणाले, "आदी दुखनं सांगा."

"सांगितलं की. तार."

"त्ये औषद झालं, गुरुजी. दुखनं सांगा. कवापासनं गप हाय? कुटं ठिवली हुती? कुनी हात लावला?"

ही त्यांची कामाची रीतच होती. वस्तू उघडायच्या आधी ते मालकाला उघडायचे. मी सांगत गेलो. उशाशी ठेवली होती. दुसऱ्या कुणी हात लावला नाही. मीच सेल बाहेर काढले, पुसले, परत घातले.

"पुसलं कशापायी?"

"स्वच्छ असावेत म्हणून."

नूरभाईंनी झाकण फिरवून तिन्ही सेल तळहातावर घेतले, त्यातला मधला उलटा होता तो सुलटा केला आणि भर दुपारी विजेरी माझ्या तोंडावर पेटवली.

"विजेरी बरोबर हाय," ते म्हणाले. "आपून चुकलो."

हा त्यांचा ठरलेला निकाल. आमच्या गावात यंत्रांना वकील होता, मालकांना नव्हता. स्टो भडकला, स्टो बरोबर हाय. घड्याळ मागं पडलं, घड्याळ बरोबर हाय. मात्र त्या 'आपून'मध्ये ते स्वतःलाही घ्यायचे. माझा मूर्खपणा अर्धा त्यांच्या अंगावर घेऊन मला घरी पाठवायचे. मी इतका वारंवार जायचो, की त्यांच्यावर बराच मूर्खपणा साचला असणार.

उरवड्याच्या एका बागाईतदाराला सोयरिकीत लंबकाचं घड्याळ मिळालं. ते टांगायला त्यांनी मला बोलावलं, आणि मी गुरुत्वाकर्षणाची चार वाक्यं बोलून, गवंड्याचा ओळंबा मागवून, घड्याळ असं सरळ टांगलं की बघणाऱ्यानं सावधान उभं राहावं. तासाभरात ते थांबलं. पुन्हा हलवलं, पुन्हा थांबलं. शेवटी नूरभाईंना आणलं. मान कलली, डोळे मिटले.

"लंगडतंय," ते म्हणाले. "टिक हितं पडतंय, टक तिकडं लांब पडतंय. दोनी पावलं सारखी पडाय पायजेत." आणि घड्याळाच्या बुडाला बोटानं हलकेच ढकललं. थोडं, आणखी थोडं. टिकटिक एकसारखी झाली आणि घड्याळ चालू लागलं, पण भिंतीवर चांगलंच तिरपं.

"आवो नूरभाई, वाकडं दिसतंय की!" घरमालक कळवळले.

"घड्याळ बगायचंय का टायम?"

घड्याळ तसंच राहिलं. पुढं कितीतरी वर्षं त्या घरातली माणसं वेळ बघताना मान कलती करायची. परगावच्या पाहुण्यांना वाटायचं, घराण्यातच काही दोष आहे. माझ्या ओळंब्याची आठवण मात्र कुणी काढली नाही. घड्याळ बरोबर होतं, आपण चुकलो होतो.

अशा या माणसाचा एक दिवस मात्र कुणाला मिळायचा नाही. दसऱ्याच्या आदला, खंडेनवमीचा. त्या दिवशी आमच्या गावात विळे, कोयते, नांगर धुऊन पुजायचे आणि जागचे हलवायचे नाहीत, हे होतंच. पण नूरभाईंच्या घरीही सकाळी पेटीतली सारी हत्यारं रिठ्याच्या पाण्यानं धुतली जायची आणि पांढऱ्या फडक्यावर ओळीनं निजवली जायची. स्क्रू फिरवायचा पेचकस, पकड, चिमटा, सांडशी, प्रत्येकापाशी झेंडूचं एकेक फूल. त्यांचे उस्ताद पुण्यातले एक तांबट होते. त्यांनी हात शिकवला तशी ही रीतही शिकवली.

"पूजा तुमची," नूरभाई मला म्हणाले होते. "माजी निस्ती सुट्टी. वरीसभर राबत्यात बिचारी. एक दिस त्यास्नी कुनी उटवायचं न्हाई."

एकदा त्याच दिवशी पौडहून कुणा साहेबाचा शिपाई गॅसबत्ती घेऊन आला. संध्याकाळी साहेबांकडे कार्यक्रम आणि बत्ती पेटेना. नूरभाईंनी शिपायाला चहा पाजला, बत्तीचं दुखणं नीट ऐकून घेतलं, मग घरात जाऊन स्वतःची चालती बत्ती आणून त्याच्या हातात दिली. साहेबाच्या बत्तीला बोट लावलं नाही. "हिचं उद्या बगू. आज पेचकस झोपलाय."

शिपाई म्हणाला, "साहेब काय म्हणतील?"

"त्यास्नी म्हनावं, आमचा पेचकस तुमच्यापरीस कडक हाय."

आता मालनभाभींविषयी सांगायला हवं. नूरभाईंच्या बायको. ठेंगण्या, गोऱ्या, आणि जीभ अशी की पेचकसाची गरज नाही. पहाटे त्या दळायला बसल्या की त्यांच्या ओव्या अख्ख्या आळीला ऐकू जायच्या. ऐकायचे नाहीत एकटे नूरभाई. ते त्या वेळी ओसरीवर कुणाच्या तरी घड्याळाला कान लावून बसलेले.

मी तिथं असताना एका साली पुण्याचे रेडिओवाले जीपमध्ये यंत्र घालून मुळशीच्या बाजूला आले होते, बायकांची जात्यावरची गाणी फितीवर उतरवून घ्यायला. आमच्या गावातून मालनभाभी गायल्या. नूरभाई नेमके बाजाराला गेलेले. संध्याकाळी येऊन बघतात तो गावभर भाभींचंच नाव.

"काय गायलीस?" त्यांनी विचारलं.

"रेडिओत ऐका."

"माज्यावर काय म्हनलीस का?"

"म्हनलं ना, रेडिओत ऐका."

दोन महिने त्या बाईनं दाद दिली नाही. मग शाळेच्या पत्त्यावर कार्ड आलं. कार्यक्रम अमुक दिवशी, संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी. तो दिवस खंडेनवमीचा निघाला, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही. रेडिओ ऐकायला पेचकस कशाला लागतो?

गावात रेडिओ एकच, पंचायतीचा. मोठी लाकडी पेटी, आत विटेएवढी बॅटरी, छपरावर दोन बांबूंमध्ये ताणलेली तार. तो शाळेच्या कपाटात असायचा आणि कपाटाची किल्ली माझ्या जानव्याला. नूरभाईंच्या शाळेकडे फेऱ्या सुरू झाल्या. तार तपासून गेले, बॅटरी तपासून गेले, दिवसातून दोनदा विचारायचे, "गुरुजी, बरोबर हाय न्हवं?"

"बरोबर हाय," मी त्यांच्याच आवाजात म्हणायचो.

"तीस वरसं तिच्या हातची भाकरी खातुया," ते एकदा पायरीवर बसून म्हणाले, "आन तिच्या मनात माज्याबद्दल काय हाय, त्ये सरकारच्या पेटीतनं ऐकायचं आलं नशिबी." हसत म्हणाले. पण चष्म्याचा दोरा उगाच सोडून परत बांधत होते.

खंडेनवमीच्या सकाळी शाळेला सुट्टी होती. मी घरी बसून राहिलो असतो तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण माझ्या मनात विचार आला. मला विचार येतो तेव्हा दूर उभं राहावं. शेतकऱ्याचा नांगर, सुताराची वाकस, तसं आजच्या युगाचं हत्यार कुठलं? रेडिओ! मी सरपंच बाळोबांना आणि चार जणांना गोळा केलं, रेडिओ टेबलावर काढला, हळदकुंकू वाहिलं, हार घातला आणि शास्त्रयुगावर छोटंसं भाषण केलं. बाहेरच्या दगडावर नारळ वाढवला. इथपर्यंत ठीक होतं. मग पाण्यानं भरलेली वाटी मी नैवेद्य म्हणून रेडिओच्या डोक्यावर ठेवली.

नारळाची वाटी सपाट जागेवर कशी उभी राहते, हे मी गुरुत्वाकर्षणात शिकवत नव्हतो. ती कलली, लवंडली, आणि मागच्या भोकांतून सगळं पाणी आत गेलं. आतून चर्र असा आवाज आला, मग काहीच नाही. मी बटण फिरवून बघितलं. तेवढी अक्कल मात्र झाली की लगेच बंद केलं.

बाळोबा शांतपणे म्हणाले, "गुरुजी, देवाला पानी पाजलंत, आता नूरभाईला काय पाजताय?"

रेडिओ धोतरात गुंडाळून मी मागच्या आळीत गेलो. ओसरीवर पांढरं फडकं अंथरलेलं, त्यावर हत्यारं झोपलेली, फुलं ताजी. नूरभाई स्वच्छ कपडे घालून, दाढी करून बसलेले. संध्याकाळची तयारी सकाळीच झालेली. त्यांनी माझ्या हातातल्या बोचक्याकडे बघितलं. मी दुखणं सांगितलं. त्या दिवशी त्यांना विचारावं लागलं नाही.

"रेडिओ बरोबर हाय," असं ते त्या दिवशी म्हणाले नाहीत. पेचकसाकडे बघत राहिले. चुलीपाशी भाभी भाकऱ्या करत होत्या, तिथला थापण्याचा आवाजही थांबला होता.

"नूरभाई," मी म्हणालो, "एक वर्ष... उस्ताद रागावतील का हो?"

"उस्ताद गेलं, गुरुजी. रागवाय कोन न्हाई. म्हनूनच तर."

मग भाभी बाहेर आल्या. हातातलं उलथणं तसंच. "राहू द्या," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "चाळीस वरसं पाळलंय, माज्या चार वळींपायी मोडू नगा. लई काय सोन्याचं गायले न्हाई मी."

नूरभाईंनी वर बघितलं. भाभींकडे नाही, त्यांच्या हाताकडे.

"हिकडं आन."

"काय?"

"उलथनं. ते झोपलंय का? आत्ता भाकरी उलटत हुतीस न्हवं त्यानं? मंग त्ये कामावरच हाय."

आणि माणूस कामाला लागला. पातळ झिजलेल्या उलथण्याच्या कोपऱ्यानं मागच्या फळीचे स्क्रू फिरले. चिमट्याच्या जागी भाभींच्या अंबाड्यातला आकडा. चिकट पाणी पुसायला गॅसबत्तीचं स्पिरिट आणि वातीचा कापूस. मी मदत करायला हात पुढं केला, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला दम दिला. "गुरुजी, हात मांडीखाली ठिवा. दोनी."

पुसून झालं तरी आत ओल होतीच. ऊन ढगांमागं. मग भाभींनी तव्यावर तांदळाचा कोंडा गरम केला, फडक्यात पुरचुंडी बांधली, आणि बाळंतिणीला द्यावा तसा रेडिओला शेक सुरू झाला. पुरचुंडी थंड झाली की दुसरी. दुपार अशी गेली. बघायला आळी जमली. एक म्हातारी जाता जाता विचारून गेली, "मुलगा का मुलगी?"

दिवस कलताना रेडिओ शाळेत आणून तार जोडली. व्हरांडा भरलेला. नूरभाईंनी बटण फिरवलं. आतले व्हॉल्व तापेपर्यंत सगळे श्वास धरून. तबकडीमागं उजेड आला. आवाज मात्र येईना. लोकांनी माझ्याकडे बघितलं. माझे हात मांडीखालीच होते.

नूरभाईंनी मान कलती केली आणि पेटीच्या कापडाला कान लावला. हात वर केला: गप.

"हाय," ते म्हणाले. "बोलतंय. आवाजाचा कागद भिजलाय, तवा बारीक बोलतंय."

इतकं बारीक, की ज्याचा कान पेटीला, त्यालाच ऐकू जावं. साऱ्या गावाचा रेडिओ त्या संध्याकाळी एका माणसाचा झाला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो. डोळे मिटलेले. मग ओठ हलले. दुसऱ्याच कुणाची तरी बायको असावी, अशा अदबीनं ते हळूच म्हणाले, "आली." थोड्या वेळानं चेहरा असा झाला, की हसावं का रडावं हे चष्म्याच्या दोऱ्यालाही ठरवता येईना.

"आवो, काय म्हनली?" बाळोबांना दम निघेना. "आमाला बी सांगा की!"

नूरभाई सरळ माणूस. जसं ऐकलं तसं, डोळे न उघडता त्यांनी सांगितलं:

"कुनाच्या बत्तीला, कुनाच्या घड्याळाला,
कान देई माजा धनी, न्हाई माज्या गं जात्याला."

व्हरांडा असा हसला की छपरावरची तार हलली असेल. आणि ही ओवी ज्याच्यावर, तो आपला कान पेटीला लावून बसलेला! नूरभाई मात्र हसले नाहीत. दाराशी पदर तोंडाला लावून उभ्या असलेल्या भाभींना त्यांनी हाताला धरून आत आणलं, साऱ्या गावादेखत. स्वतः बाजूला सरले.

"हितं लाव कान. घे. तू हायेस हितं."

भाभींनी कान लावला. क्षणभर ऐकलं आणि दचकून मान काढली. "ह्यो माजा आवाज न्हाई," त्या म्हणाल्या. "ही तर माजी आय गातिया." आणि परत कान लावून कार्यक्रम संपेपर्यंत हलल्या नाहीत.

दोन-तीन दिवसांनी कागद वाळला आणि रेडिओ पूर्वीसारखा मोठ्यानं बोलू लागला. कपाटाची किल्ली पंचायतीनं माझ्याकडून काढून घेतली. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पुढं माझी बदली झाली. साठीचं दशक सरत आलं तेव्हा दसऱ्याच्या सुट्टीत एकदा त्या बाजूला गेलो. गावात पिठाची चक्की आली होती, विजेचे खांब उभे होते. माझ्या पिशवीत माझा नवा ट्रान्झिस्टर होता. तो का होता, हे सांगायला नको. मी तो आतून स्वच्छ केला होता. मागच्या आळीत गेलो आणि ओसरी बघून कपाळाला हात लावला. नेमकी खंडेनवमी!

नूरभाई थकले होते. चष्मा तोच, दोरा नवा. भिंतीशी पाच-सहा ट्रान्झिस्टर रांगेत उभे, उद्याची वाट बघत. पांढऱ्या फडक्यावर हत्यारं निजलेली. पेचकस, पकड, चिमटा, नवीन आलेली, तारांना डाग द्यायची कांडी, आणि ओळीच्या शेवटी, झेंडूचं फूल घेऊन, ते झिजलेलं उलथणं.

"हे इथं?" मी विचारलं.

"त्या दिशी राबलं न्हवं," नूरभाई म्हणाले. "तवापासनं ह्यात मोडतंय त्ये. सुट्टी नगं का त्याला?"

"मग भाकरी?"

"खावा की. कळंल."

आत भाभी बोटांनी भाकरी उलटत होत्या. उलटायची, बोटं फुंकायची, कानाच्या पाळीला लावायची. भाकरी एका अंगानं करपलेली, आणि वर त्यांचं सुनावणं: "गुरुजी, तुमच्या नारळापायी वर्साला एक दिस बोटं भाजून घेतीया मी, ध्यानात ठिवा!" मी मुकाट्यानं दोन भाकऱ्या खाल्ल्या. ट्रान्झिस्टरचा विषयच काढला नाही.

निघताना आतून जात्याची घरघर आली. चक्की आली तरी डाळ भरडायला जातं होतंच. भाभी गुणगुणू लागल्या, ओवी अजून नीट उमटलीही नव्हती. मी पायरीवरून म्हणालो, "येतो, नूरभाई."

ते स्वयंपाकघराच्या कुडाला टेकून बसले होते. मान डाव्या अंगाला कलली होती, डोळे मिटले होते, आणि एक हात वर: गप.

मी गप झालो. चपला हातात घेऊन पायरी उतरलो.